विस्तृत गॅमटच्या आरजीबी रंगावकाशांतील ट्रान्सफर फंक्शन आणि गॅमा

आरजीबी रंगावकाश, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांच्या आकड्यांनी रंग सांगण्याची पद्धत, तीन गोष्टींनी ठरतो : या मूलरंगांच्या जागा, पांढरा बिंदू (कोणता रंग पांढरा मानायचा) आणि ट्रान्सफर फंक्शन. पहिल्या दोहोंवरून गॅमट, म्हणजे रंगांचा पल्ला, ठरतो. ट्रान्सफर फंक्शन हा प्रकाशाचे प्रमाण आणि फाइलमधला आकडा यांना जोडणारा वक्र असून तो घातांकी असला की त्या घातांकाला गॅमा म्हणतात. पल्ला वाढला म्हणून वक्र बदलतोच असे नाही. डिस्प्ले पी३ या पडद्यांसाठीच्या रंगावकाशात मूलरंग पी३ चे आहेत, पण वक्र एसआरजीबी या संगणक आणि वेबवरच्या नेहमीच्या रंगावकाशाचाच आहे. चित्रपटगृहांच्या डीसीआय-पी३ चा गॅमा मात्र २.६ आहे.

वक्राची गरज बिटांच्या, म्हणजे फाइलमधल्या मोजक्या आकड्यांच्या (८ बिटांत २५६), वाटणीसाठी पडते. डोळ्याला गडद छटांमधला फरक चटकन जाणवतो. पूर्ण प्रकाशाच्या एक टक्क्याच्या आतल्या छटांना ८ बिटांत रेखीय मांडणी (प्रकाशाच्या थेट प्रमाणात आकडा) अवघ्या ३ पायऱ्या देते, गॅमा १.८ सुमारे २० आणि एसआरजीबी २६. प्रोफोटो आरजीबी या अतिविस्तृत रंगावकाशाचा गॅमा १.८ आहे आणि त्यात या २० पायऱ्या फार मोठ्या पल्ल्यावर ताणल्या जातात (त्याचे हिरवा आणि निळा हे मूलरंग तर डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या बाहेरच आहेत). म्हणून ८ बिटांतल्या प्रोफोटो फाइलवर थोडे काम केले तरी आकाशात पट्टे उमटतात. तिथे १६ बिट हवेतच.

गॅमा १.८ मुळे चित्र उजळ दिसते, हा जुना गैरसमज आहे. प्रोफाइल, म्हणजे फाइलचा रंगावकाश सांगणारी तिच्यातली नोंद, जागेवर असेल तर फाइलचा वक्र उलगडून पडद्याचा वक्र चढवला जातो आणि चित्र तेच दिसते. बिघडते ते प्रोफाइल गळून पडल्यावर. १८ टक्के करड्याचा (१८ टक्के प्रकाशाच्या छटेचा) आकडा एसआरजीबीत ११८, त्याहून विस्तृत अ‍ॅडोबी आरजीबीत ११७ आणि प्रोफोटोत ९८ येतो. त्यामुळे प्रोफाइल नसलेली अ‍ॅडोबी आरजीबी फाइल एसआरजीबी समजून उघडली, तर रंग फिके पडतात पण उजेड जवळपास तोच राहतो. प्रोफोटोची फाइल मात्र फिकी आणि काळवंडलेली दिसते, कारण तिचा ९८ हा आकडा तिथे जेमतेम १२ टक्के प्रकाश दाखवतो. या लक्षणावरून मूळ रंगावकाश बहुधा ओळखता येतो. अशा फाइलला आधी ‘असाइन प्रोफाइल’ने (आकडे तेच ठेवून) खरे प्रोफाइल लावावे आणि मगच ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ (रंग तेच ठेवून आकडे बदलणे) वापरावे. उलट क्रमाने केल्यास चुकीचे रंग आकड्यांतच पक्के होतात.

अ‍ॅडोबी आरजीबी (१९९८) चा गॅमा २.२ सांगतात, नेमका तो ५६३/२५६, म्हणजे २.१९९२१८७५ आहे. आयसीसी या प्रमाण स्वरूपाच्या प्रोफाइलमध्ये वक्राच्या नेहमीच्या (curv) नोंदीत गॅमाची एकच किंमत लिहायची तर ती २५६ छेदाच्या अपूर्णांकात बसवावी लागते, आणि २.२ त्यात नेमका बसत नाही.

निव्वळ घातांकी वक्राची खरी अडचण शून्यापाशी आहे. तिथे त्याचा चढ अनंत होतो आणि सेन्सरचा बारीक गोंगाटही फुगतो. म्हणून एसआरजीबीत ०.००३१३०८ पर्यंत १२.९२ चढाची सरळ रेष आणि पुढे २.४ घातांकाचा वक्र आहे. एकूण आकार २.२ च्या जवळ जातो. प्रोफोटोच्या व्याख्येतली सरळ रेष १/५१२ पर्यंत, १६ चढाची आहे. ती फार देखणी जुळते : १/५१२ वर रेष आणि घातांक दोन्ही अचूक १/३२ देतात. टीव्हीच्या मानकांत रेक. २०२० (यूएचडी) ने रेक. ७०९ (एचडी) चाच वक्र ठेवला. एचडीआर चित्रांसाठीच्या रेक. २१०० मध्ये मात्र गॅमाची जागा पीक्यू आणि एचएलजी या दोन वक्रांनी घेतली. पीक्यूचे आकडे १०,००० निटपर्यंतची (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) प्रत्यक्ष दीप्ती सांगतात.

प्रतिमेचा आकार बदलणे, धूसर करणे, थर मिसळणे ही गणिते प्रकाशाची आहेत, त्यामुळे ती रेखीय मूल्यांवर व्हायला हवीत. काळा आणि पांढरा निम्मे-निम्मे मिसळले तर एसआरजीबीत १८८ यायला हवा. आकड्यांची सरळ सरासरी १२८ देते, आणि तो केवळ सुमारे २२ टक्के प्रकाश असतो. लाल आणि हिरव्याच्या सीमेवर दिसणारी मळकट रेघ याच चुकीची आहे. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये ‘ब्लेंड आरजीबी कलर्स युजिंग गॅमा’ हा पर्याय १.०० वर ठेवला की थर मिसळताना ती जाते.