पार्श्वभूमी : गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर थांबलेला अधिकारी

थर्ड कॅव्हलरी या पलटणीतील एका ख्रिस्ती लेफ्टनंटला २०२१ साली लष्करातून बडतर्फ करण्यात आले. धार्मिक संचलनात तो जवानांबरोबर जात असे, मात्र गाभाऱ्यात शिरून पूजाविधीत भाग घेणे आपल्या श्रद्धेत बसत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ही कारवाई दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये योग्य ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. नागपूरच्या वाचकाला या वादाचे मूळ फार दूर शोधावे लागत नाही, कारण १८२१ साली वसलेल्या कामठीच्या छावणीत ज्या मद्रास फौजेच्या पलटणी असत, त्याच फौजेच्या सरसेनापतीने याच प्रश्नावर पद सोडले होते.

कंपनी सरकार त्या काळी देवस्थानांच्या कारभारात लक्ष घाली, यात्रेकरूंकडून कर घेई आणि उत्सवांत फौजेकडून सलामीही देववी. हा संबंध तोडावा, असे संचालक मंडळाने १८३३ मध्ये कळवले, पण हुकूम बराच काळ कागदावरच राहिला. १८३६ मध्ये मद्रास इलाख्यातील पाद्री व अधिकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला, की ख्रिस्ती माणसाला अशा समारंभांत हजर राहण्याची सक्ती असू नये. मद्रास फौजेचे सरसेनापती, वॉटर्लूच्या रणांगणावर लढलेले सर पेरेग्रिन मेटलंड त्यांच्या बाजूचे होते. सरकार बधेना, तेव्हा १८३८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या चळवळीत हिंदू धर्माविषयी तुच्छता भरपूर होती, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही पदावर राहून आज्ञा मोडण्यापेक्षा पदच सोडणे, हा मेटलंड यांचा मार्ग वेगळा उठून दिसतो.

अर्थात राजीनामा सरसेनापतीला परवडतो, साध्या शिपायाला नाही. मीरतमध्ये १८१९ साली बंगाल फौजेतील एका शिपायाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इतरांत असंतोष पसरेल या धास्तीने त्याला त्याच्या पलटणीतून दूर करण्यात आले, आणि तेही ख्रिस्ती राज्यकर्त्यांकडून.

बायबलला हा पेच सैनिकाच्या तोंडूनच ठाऊक आहे. अरामचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर यापुढे इस्राएलाच्या देवाखेरीज कोणाला यज्ञ अर्पण करणार नाही असे ठरवतो; पण लगेच अलीशा संदेष्ट्यापुढे अडचण मांडतो, की राजा रिम्मोन या दैवताच्या देवळात माझ्या हातावर भार देऊन नमन करतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, एवढ्याची क्षमा व्हावी. अलीशा त्याला शांतीने जायला सांगतो. परवानगी देत नाही आणि मनाईही करत नाही. म्हणूनच लष्करी कर्तव्य म्हणून वाकण्यास हरकत न मानणारे आणि क्षमा मागावी लागली म्हणजे ते चूकच होते असे म्हणणारे, दोघेही याच प्रसंगाचा आधार घेऊ शकतात.

१९४९ साली उभारलेल्या आणि आज कामठीत केंद्र असलेल्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये सर्व प्रांतांचे व समाजांचे जवान एकत्र असतात. थर्ड कॅव्हलरीतील त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली मात्र शीख जवान होते, आणि पलटणीत देऊळ व गुरुद्वारा असले तरी सर्वधर्म स्थळ नाही, अशी त्याची तक्रार होती. जवानांचा धर्म तोच अधिकाऱ्याचा, ही सैन्याची जुनी शिकवण अशा तुकडीत अधिक कडकपणे लागू होते. न्यायालयांनी प्रश्न शिस्तीचा मानला; आत जाण्यास हरकत नाही असे एका पाळकाने सांगितले होते, या मुद्द्यालाही वजन मिळाले. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत कच्चा वाटतो, कारण प्रॉटेस्टंट परंपरेत पाळकाचा सल्ला आदराने ऐकला जातो, पण पवित्र शास्त्र वाचून स्वतःच्या सदसद्विवेकाने दिलेला कौल त्याच्या शब्दाने रद्द होत नाही.