लघवीची डायरी आधी, भेट नंतर

ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यासाठी आमच्या फिजिओथेरपी केंद्रात पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

युरॉलॉजिस्टनी ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ असं लिहून तुम्हाला आमच्याकडे पाठवलं असेल, तर आजार काय आहे हे त्यांनी सांगितलेलं असणारच. मूत्राशय भरत आलं की दुखतं, लघवी झाली की जरा बरं वाटतं, भरलं की पुन्हा तेच. सहा आठवड्यांच्या वर हे चाललेलं असतं आणि लघवीच्या कल्चर तपासणीत जंतू सापडत नाहीत. इथवर पोचेपर्यंत बहुतेकांचं ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पिऊन झालेलं असतं, अँटिबायोटिकचे तीन-चार कोर्सही झालेले असतात. त्याबद्दल आम्ही कुणाला बोलत नाही. आम्ही पहिल्यांदा विचारतो ते एवढंच: डायरी भरून आणलीत का?

अपॉइंटमेंट देतानाच आम्ही व्हॉट्सॲपवर एक तक्ता पाठवतो. सलग तीन दिवस, रात्रीसकट. लघवी किती वाजता झाली, किती मिली झाली, त्याआधी दुखणं ० ते १० मध्ये किती होतं आणि मधल्या वेळात काय प्यायलात. चारच रकाने आहेत. तरीही बरेच जण तो आदल्या रात्री आठवून आठवून भरतात, काही जण तर सीबीएस बसस्थानकावरून इथे येताना रिक्षात. आम्हाला ते लगेच कळतं. सगळीकडे २००, २००, २००. तिन्ही दिवस एकाच दमात लिहिलेलं अक्षर. आणि रात्रीचे रकाने कोरे, पण तक्रार मात्र ‘रात्रभर झोप नाही’ अशी.

आकड्यांसाठी एवढा हट्ट का, ते सांगतो. ‘दिवसाला अठरा वेळा जावं लागतं’ एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. अठरा वेळा ८० मिली म्हणजे दिवसाची जेमतेम दीड लिटर लघवी. इथे मूत्राशय थोडं भरलं तरी तक्रार करतंय. अठरा वेळा २५० मिली म्हणजे साडेचार लिटर. इथे एकतर पाणी फार पितोय किंवा साखर तपासायला हवी, आणि असा माणूस आमच्याकडे येण्याआधी फॅमिली डॉक्टरकडे गेलेला बरा. सगळ्यांत कामाची नोंद रात्रीची. दिवसा तासातासाला ८० मिली जाणारी बाई पहाटे एकदाच उठते आणि तेव्हा ३०० मिली होते, हे कागदावर दिसलं की तिला दाखवता येतं: लघवीची पिशवी आक्रसलेली नाही, तिच्यात जागा आहे. हे नुसतं तोंडी सांगून कुणाला पटत नाही.

लघवीला जाणं थोडं थोडं लांबवायचं पुढचं वेळापत्रकही यातूनच निघतं. दोन लघव्यांमधलं अंतर सरासरी ४० मिनिटं आलं, तर पहिल्या आठवड्यात ५० मिनिटांपर्यंतच जायचं, मग हळूहळू पुढे. ठणका असेल त्या दिवशी ताणायचं नाही. अंदाजाने ‘दोन तास थांबा’ सांगणं सोपं आहे, पण मग तिसऱ्या दिवशी तुमचा दुखणं वाढल्याचा फोन येतो आणि दोन्हीकडचा आठवडा वाया जातो.

डायरीविना आलेल्यांना आम्ही परत पाठवतो, अशी आमच्याबद्दल तक्रार आहे. पाठवतो, हे खरं. मालेगावहून एसटीने आलेल्या एका ताईंना पाठवलं तेव्हा आम्हालाही बरं वाटलं नाही. पण पहिली भेट पूर्ण तासाची असते, तिचे ९०० रुपये होतात, आणि तो तास ‘अंदाजे किती होत असेल हो?’ यात घालवून पैसे घेणं आमच्याच्याने होत नाही. म्हणून आता आदल्या दिवशी आम्हीच फोन करतो. डायरी झाली नसेल तर मोकळेपणी सांगा, तारीख पुढची देऊ, जादा काही घेत नाही.

त्या तीन दिवसांत शहाण्यासारखं वागू नका. चहा पाच वेळा होत असेल तर पाच वेळा लिहा, मिसळ खाल्ली तर समासात तेही लिहा. आग होते म्हणून थंडावा मिळावा या हेतूने लिंबू सरबत, कोकम सरबत घेणारे खूप असतात, आणि बऱ्याच जणांचं दुखणं याच आंबट पदार्थांनी वाढतं. चहा, कॉफी, टोमॅटो, तिखट, सोडा यांचंही तसंच. सगळ्यांना सगळंच बाधतं असं नाही, म्हणून सरसकट पथ्य आम्ही देत नाही. नुसत्या दहीभातावर आलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. उपाशी अंगाला दुखणं जास्तच जाणवतं. आग होते म्हणून पाणी तोडू नका, लघवी घट्ट होऊन आग वाढते.

‘शेक आणि करंटचं मशीन का लावत नाही?’ असंही विचारतात. या आजारात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बऱ्याचदा आखडलेले असतात. ते हाताने शोधून सैल करावे लागतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे स्नायू दुखणाऱ्या ८१ स्त्रिया होत्या. या पद्धतीने ५९ टक्के स्त्रियांना फरक पडला, सर्वांगाच्या साध्या मसाजने २६ टक्के. म्हणजे सगळ्यांना गुण येतो असं नाही, म्हणून दहा भेटींचं पॅकेज आम्ही पहिल्या दिवशी विकत नाही. तिसऱ्या भेटीनंतर बोलू. आतून तपासणी लागली तर आधी विचारून, स्त्रियांची स्त्री थेरपिस्टच करते. नको म्हणालात तर बाहेरून जमेल तेवढं करतो. पुरुषांसाठी गुरुवारी संध्याकाळी पुरुष थेरपिस्ट असतात.

आणि व्हिडिओ पाहून केगल सुरू केले असतील तर आजच थांबवा. तो ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम आहे. आखडलेल्या स्नायूला आणखी आवळून काय मिळणार?

लघवीत रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर आमची तारीख विसरा आणि आधी युरॉलॉजिस्टकडे जा. औषधंही त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

मापासाठी खुणा असलेला कुठलाही जुना प्लॅस्टिकचा मग चालेल. आमच्याकडे ४० रुपयांना मिळतो. नंतर टाकून देऊ नका, दोन महिन्यांनी पुन्हा तीन दिवस लागेल.