दत्तक घ्यायचंय? आधी कागद गोळा करा, मग पोर्टल उघडा

गेली काही वर्षं ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या लोकांचे दत्तकाचे फॉर्म भरायला सोबत बसतेय आणि बहुतेकांची गाडी एकाच जागी अडकते. पुढे कुठे नाही, पहिल्या ३० दिवसांतच. रात्री दोघं मिळून ठरवतात, त्याच उत्साहात कारा म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करून टाकतात आणि मॅरेज सर्टिफिकेट शोधायला लागतात दुसऱ्या दिवशी. नोंदणीनंतर कागद अपलोड करायला ३० दिवस मिळतात. तेवढ्यात झालं नाही की ती नोंदणी गेली, परत पहिल्यापासून. वेटिंगमधला नंबर धरतात तो नोंदणी पूर्ण झाल्यापासून, नुसतं नाव टाकल्यापासून नाही. म्हणून कागद आधी, पोर्टल नंतर.

त्याच्याही आधी एक गोष्ट, कारण यात लोक खरंच पोळलेत. कुणी सांगितलं की अमुक दवाखान्यात बाळ आहे, आईला नकोय, स्टँप पेपरवर लिहून घेऊ, तर तिथून उठून या. नोटरी केलेल्या कागदाने मूल तुमचं होत नाही, आणि पैसे देऊन मूल घेणं हा गुन्हा आहे, बाल न्याय कायद्यात त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपये दंड आहे. २०२१ मध्ये कोविडच्या काळात आईवडील गेलेल्या बाळांचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते, चांगली शिकलेली माणसं ते पुढे ढकलत होती. असं मूल दिसलं तर १०९८ ला, म्हणजे चाइल्ड हेल्पलाइनला, फोन करायचा, घरी आणायचं नाही. हिंदू दत्तक कायद्याने दोन कुटुंबांमध्ये रजिस्टर्ड दत्तकपत्र करता येतं, तो रस्ता वेगळा, पण संस्थेतलं अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल फक्त काराच्या रस्त्यानेच येतं. सख्ख्या भावाचं, बहिणीचं मूल घ्यायचं असेल तर पोर्टलवर नातेवाईक म्हणून वेगळी नोंदणी असते, पण नातेवाईक म्हणजे मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि आजीआजोबा, एवढेच. चुलत-मावस त्यात बसत नाहीत, हे लोकांना फार उशिरा कळतं.

आता पात्रता. जोडपं असेल तर लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत आणि दोघांची संमती हवी. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी कुणालाही दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. स्वतःची दोन किंवा जास्त मुलं असतील तर फक्त विशेष गरजा असलेलं किंवा ज्याला घर मिळणं अवघड जातंय असं मूल मिळू शकतं. मूल होत नाही याचं सर्टिफिकेट कुणीही मागत नाही, प्लीज आयव्हीएफच्या फायली घेऊन फिरू नका, आणि स्वतःचं एक मूल असलं तरी अर्ज करता येतो.

वयाचं मात्र नीट समजून घ्या. जोडप्यात दोघांच्या वयांची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ च्या आत हवी, २ ते ४ साठी ९०, ४ ते ८ साठी १००, आणि ८ ते १८ साठी ११०. एकट्या अर्जदाराला हेच आकडे ४०, ४५, ५० आणि ५५. धरतात ते नोंदणीच्या तारखेचं वय. म्हणजे नवरा ४४, बायको ४०, बेरीज ८४, तान्हं बाळ मागता येतं. सासूबाईंना विचारू, दिवाळीनंतर बघू, करत करत वर्ष गेलं की ती बेरीज एकाने नाही, दोनाने वाढते, ८६ झाली आणि तो गट संपला. मी असं एक जोडपं बघितलंय, सात महिने त्यांनी फक्त घरातल्यांना पटवण्यात घालवले, पोर्टल उघडलं तेव्हा उशीर झाला होता, आणि त्यांच्या पुढ्यात बसून हे सांगणं माझ्याच्याने होईना. शिवाय मूल आणि दोघांपैकी प्रत्येकाच्या वयात किमान २५ वर्षांचा फरक लागतो, तीस वर्षांच्या बाईला सहा वर्षांचं मूल नाही मिळणार.

कागदांत पॅन कार्ड, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि फोटो, हे सगळ्यांकडे असतं. नसतं ते विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. पंधरा वर्षांपूर्वी लग्न झालं, हॉलची पावती आहे, अल्बम आहे, पत्रिका आहे, नोंदणी कुणी केलीच नाही. पत्रिका अपलोड करून चालत नाही. गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेत किंवा नगरपालिकेत नोंदणी उशिरासुद्धा होते, पण साक्षीदार लागतात, लग्न लावलेल्या भटजींची सही मागतात, आणि ते भटजी कुठे आहेत हे शोधण्यातच तुमचे ३० दिवस उडतात. दुसरं दुखणं नावाचं. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, सर्टिफिकेटवर तिसरंच स्पेलिंग. बायकांना दरवेळी यासाठी पळवतात याचा मला मनापासून राग येतो, पण राग बाजूला ठेवून नोंदणीआधीच पॅन आणि आधार एकसारखं करून घ्या. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला.

मेडिकल सर्टिफिकेटवर डॉक्टर नुसतं फिट लिहून देतात, ते परत येतं. गंभीर, संसर्गजन्य किंवा जुनाट आजार नाही आणि मूल दत्तक घ्यायला सक्षम आहेत, असं स्पष्ट वाक्य पाहिजे, दोघांचं वेगवेगळं. बीपी, शुगर असेल तर लपवू नका, कंट्रोलमध्ये आहे हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, नंतर कळलं की सगळ्याच बोलण्यावर शंका येते. ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं लागतात. घरात पाच वर्षांवरचं मूल असेल तर त्याचीही संमती लागते. आणि एकट्या अर्जदाराला, आपलं काही बरंवाईट झालं तर मुलाला कोण बघणार, याचं नातेवाइकाचं हमीपत्र द्यावं लागतं. तो नातेवाईक आधी गाठा, तोंडी हो म्हणणारे बरेच असतात, सहीच्या वेळी फोन उचलत नाहीत.

फॉर्ममध्ये मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका. हे हजार वेळा सांगते, कारण कॅफेवाला फॉर्म भरतो आणि स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. पुढचं सगळं त्याच ईमेलवर आणि एसएमएसवर येतं. दोघांनी दोन नोंदण्या करायची युक्तीही नको.

मग समाजसेविका घरी येते, होम स्टडी रिपोर्ट, म्हणजे तुमच्या घराचा आणि तुमचा पाहणी अहवाल, बनवते. कागद दिल्यापासून ६० दिवसांत हे व्हायला हवं, फी ६००० रुपये. फीचा तक्ता पोर्टलवर आहे, त्यापलीकडे कुणी देणगी मागितली तर द्यायची नाही. फोन आला नाही तर गप्प बसू नका, जिल्हा बाल संरक्षण कक्षात स्वतः जा, फाईल कुठे आहे विचारा, साहेब मीटिंगला गेलेत म्हटलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. घर भाड्याचं आहे, छोटं आहे, याची भीती बाळगू नका. तिला बघायचं असतं की दोघांना हे खरंच हवंय का, आणि मुलाला दत्तक असल्याचं सांगणार का. सांगणार नाही म्हणणाऱ्यांशी ती जास्त बोलते, बरोबरच करते.

रिपोर्ट मंजूर झाला की वाट बघायची, निरोगी लहान बाळासाठी तीन वर्षांहूनही जास्त लागतात. मोठ्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी खूप कमी. रिपोर्टची मुदत तीन वर्षं, ती संपायच्या आधी नूतनीकरण करा. मुलाची माहिती आणि फोटो आला की रिझर्व्ह करायला फक्त ४८ तास मिळतात. तास, दिवस नाहीत. लग्नाला गावी गेलो होतो, रेंज नव्हती, हे कारण कुणी ऐकत नाही. रिझर्व्ह केल्यावर ३० दिवसांत संस्थेत जाऊन मुलाला भेटायचं आणि निर्णय कळवायचा, हवं तर मेडिकल रिपोर्ट आपल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवायचा. अशा संधी तीनच. संस्थेत मुलाची जात विचारू नका.

स्वीकारल्यावर मूल आधी प्रतिपालन म्हणून, म्हणजे दत्तक आदेश होईपर्यंत सांभाळायला, घरी येतं. कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने दत्तक आदेशाचा अधिकार कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलाय. नंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी भेट असते. आदेश हातात आला की त्याच आठवड्यात तुमची नावं आईवडील म्हणून असलेला जन्मदाखला काढायला टाका, शाळेच्या अ‍ॅडमिशनपर्यंत थांबू नका.