मानसशास्त्रातील एम.ए. (कोल्हापूर परिसर)

मानसशास्त्रातील एम.ए. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांतील महाविद्यालयीन उच्च शिक्षण प्रामुख्याने शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १८ नोव्हेंबर १९६२) कक्षेत येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फेररचना झाली. मुख्य विषयांच्या जोडीला संशोधन पद्धती, संशोधन प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण हे भाग आले. पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही झाली.

बोधनिक प्रक्रिया (विचार, स्मरण, अवधान यांसारख्या मनाच्या क्रिया), व्यक्तिमत्त्व सिद्धांत, मनोविकृतिशास्त्र, समुपदेशन, मानसमापन आणि संख्याशास्त्र हे नेहमीचे विषय. कला शाखेतून आलेल्या अनेकांना धडकी भरते ती संख्याशास्त्राची. पण सहसंबंध, टी-चाचणी आणि प्रसरण विश्लेषण ही आकडेवारी पडताळण्याची तंत्रे नीट उमगल्याशिवाय दुसऱ्याचा शोधनिबंध वाचता येत नाही, स्वतःचा लिहिता येणे तर लांबच.

या अभ्यासाचा खरा कस प्रात्यक्षिकात लागतो. एक विद्यार्थी प्रयोगकर्ता होतो, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. समोर स्टॉपवॉच, उत्तरपत्रिका आणि चाचणीची पुस्तिका. रॅव्हनच्या आकृतिबंध चाचणीत (१९३८), म्हणजे आकृत्यांवरून बुद्धी मापणाऱ्या चाचणीत, प्रत्येक आकृतीतला एक तुकडा गाळलेला असतो आणि खालच्या पर्यायांतून तो शोधायचा असतो. सूचना पुस्तिकेत दिल्या आहेत तशाच द्यायच्या. प्रयुक्त अडला तर इशारा करायचा नाही, ‘बरोबर’ म्हणून मान डोलवायची नाही. शेवटी प्रात्यक्षिकाच्या वहीत (जर्नलमध्ये) गुणांच्या तक्त्याबरोबर प्रयुक्ताचे आत्मनिवेदनही लिहायचे असते. ‘घाई झाली’, ‘शेजारच्या वर्गातल्या आवाजाने लक्ष उडाले’ अशी वाक्ये त्यात येतात आणि गुणांचा अर्थ लावताना ती फार उपयोगी पडतात.

शब्दांवर बेतलेल्या चाचण्यांत अडचण वाढते. त्यांतल्या अनेक इंग्रजीत तयार झालेल्या आहेत. राधानगरी किंवा गगनबावड्याकडच्या माणसापुढे त्यातल्या विधानाचे शब्दशः भाषांतर करून ठेवले, तर तो सौजन्याने ‘होय’ म्हणतो आणि गुण मात्र भलतेच सांगतात. म्हणून मराठी रूपांतर, त्याची विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यावर तसेच गुण येतात का) आणि सप्रमाणता (जे मापायचे तेच मापले जाते का) पुन्हा तपासणे, गुणांची तुलना करण्यासाठी स्थानिक मानके तयार करणे ही कामे इथल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यायला हवीत. शंभरेक महाविद्यालयीन मुला-मुलींच्या समायोजनाची (परिस्थितीशी जुळवून घेण्याची) तुलना हा प्रबंधविषय आता पुरेसा झिजला आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत पावसाळा जवळ आला की माणसांना काय वाटते, शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत रात्रपाळी करणाऱ्यांच्या झोपेचे काय होते, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात काम करणाऱ्यांच्या अवधानावर काय परिणाम होतो, हे प्रश्न इथले आहेत आणि हाताशी आहेत.

पदवीच्या मर्यादेविषयी बराच गैरसमज आढळतो. नुसत्या एम.ए.वर कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले पुढचे व्यावसायिक प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मधील व्याख्याही त्याच पात्रतेवर आधारलेली आहे. औषधे लिहून देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाचा, म्हणजे वैद्यकीय पदवीधराचा. एम.ए. झालेल्यांना शाळा-महाविद्यालयांतील समुपदेशन, स्वयंसेवी संस्था, कारखान्यांचे मनुष्यबळ विभाग या वाटा खुल्या असतात. प्राध्यापक व्हायचे तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नाहीतर पीएच.डी. करावी लागते.

नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्यांना दूरशिक्षणाचा मोठा आधार होता. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. प्रात्यक्षिकाचे महत्त्व पाहता निर्णय योग्यच आहे, पण आजरा, चंदगडकडच्या विवाहित विद्यार्थिनींना त्याची झळ सर्वांत जास्त बसते. महाविद्यालयांनी सकाळच्या वर्गांचा आणि वसतिगृहांचा विचार त्यांच्यासाठी करायला हवा.