शेताचे प्लॉट पाडायचेत? एनएआधी ले-आऊट समजून घ्या

'एकदा एनए झालं की प्लॉट पाडायला मोकळे' असा समज गावोगावी आहे, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. एनए म्हणजे बिनशेती, जमिनीचा वापर शेतीवरून दुसऱ्या कामाकडे वळवणं. प्लॉट पाडणं म्हणजे रेखांकन, बोलीभाषेतला ले-आऊट. कामं दोन आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये २०१४ पासून ४२-अ आणि त्यापुढची कलमं घालून बिनशेतीची अट टप्प्याटप्प्याने सैल झाली. विकास आराखड्यातली जमीन, गावठाणालगतचा २०० मीटरचा पट्टा यांना त्याचा फायदा मिळाला. ले-आऊटची मंजुरी मात्र सुटत नाही, आणि खरी दगदग तिथेच आहे.

सुरुवात झोन दाखल्यापासून करा. आपला गट रहिवासी विभागात आहे की शेती विभागात, हे तो सांगतो. शहर हद्दीत पालिका, बाहेर नगररचना कार्यालय तो देतं. शेती विभागात असाल तर साधा निवासी ले-आऊट होत नाही. तिथे आर्किटेक्टवर पैसे घालवू नका. नंतर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग बघा. वर्ग १ असेल, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन नसेल, तर सुटसुटीत. वर्ग २ म्हणजे इनाम-वतनाची, कुळकायद्याने मिळालेली किंवा सरकारने दिलेली जमीन असू शकते. तिथे आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, बऱ्याचदा नजराणाही, म्हणजे सरकारला भरायची रक्कम. सहहिस्सेदार असतील तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. पुण्या-मुंबईला राहणारी आत्या किंवा बहीण सातबाऱ्यावर आहे हे अनेकांना अर्ज भरतानाच आठवतं.

आणि रस्ता. बैलगाडीची वहिवाट असणं आणि ले-आऊटला चालणारा पोहोचरस्ता असणं यात फार फरक आहे.

आता गणित, कारण निम्मे लोक इथेच हिरमुसतात. समजा तुमचा गट बरोबर ४५ बाय ९० मीटर आहे. क्षेत्र ४०५० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर, ४० गुंठे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ४००० चौरस मीटर किंवा जास्त जमिनीच्या ले-आऊटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ४०५ चौरस मीटर गेले. मधून ९० मीटर लांबीचा ९ मीटर रुंद रस्ता काढला, ८१० गेले. उरले २८३५, म्हणजे जेमतेम २८ गुंठे. रस्त्याच्या टोकाला गाडी वळवायला जागा सोडली किंवा पुढचा रस्ता रुंदीकरणात गेला, तर आणखी कमी. अंतर्गत रस्त्याची लांबी १५० मीटरच्या पुढे गेली की रुंदीही वाढवावी लागते. 'चाळीस गुंठ्याचे चाळीस प्लॉट' असं सांगणारा एजंट एकतर हिशेबात कच्चा असतो किंवा तुम्हाला कच्चं समजतो.

क्षेत्र पक्कं करायला मोजणी आधी करून घ्या. अर्ज ऑनलाइन, भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाकडे. आमच्या गटाची मोजणी झाली तेव्हा बांध नकाशापेक्षा हातभर आत सरकलेला निघाला. शेजाऱ्याशी बोलून मिटलं, पण ते प्लॉट विकल्यावर निघालं असतं तर कोर्टातच गेलं असतं. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजलेल्या हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा, हातात आल्याशिवाय आर्किटेक्टला नकाशा काढायला सांगू नका.

प्रस्तावासोबत ताजा सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा), जुने फेरफार, गटाचा नकाशा, मोजणीची 'क' प्रत, झोन दाखला, पोहोचरस्त्याचा पुरावा, सहहिस्सेदारांची संमती, प्रतिज्ञापत्र आणि परवानाधारक आर्किटेक्टने सही केलेला ले-आऊट नकाशा लागतो. जमिनीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर आधी उतरवा. वरून उच्चदाबाची वीजवाहिनी जात असेल, शेजारून महामार्ग किंवा कालवा असेल, तर त्या त्या खात्याचा ना-हरकत दाखला. वेळ जातो तो याच दाखल्यांत.

मंजुरी बहुधा दोन टप्प्यांत होते. आधी तात्पुरतं रेखांकन मंजूर होतं. त्यानुसार जागेवर रस्ते, गटारं, पाण्याची सोय करायची, प्लॉटचे दगड रोवायचे. मग पाहणी आणि अंतिम रेखांकन. अंतिम मंजुरीनंतर भूमी अभिलेखकडून कमी-जास्त पत्रक, म्हणजे केजेपी, तयार करून घ्यायचं. त्यावरून प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघतो. रस्ते आणि खुली जागा वेगळी दिसतात. कित्येक जण अंतिम मंजुरीवर थांबतात आणि प्लॉट घेणारा सातबाऱ्यावर सामाईकातच अडकून बसतो.

हे सगळं टाळून गुंठ्या-गुंठ्याने विकलं तर तुकडेबंदी कायदा, १९४७ आडवा येतो. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते क्षेत्र, जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे आहे. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ दरम्यानचे काही तुकड्यांचे व्यवहार नियमित करायची सवलत २०२५ मध्ये आली खरी, पण ती होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी. आज नवे तुकडे पाडायची ती परवानगी नव्हे.

प्लॉट विकायचे असतील तर महारेराही, म्हणजे राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, बघा. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा युनिट, म्हणजे इथे प्लॉट, ८ पर्यंतच असतील तर नोंदणीतून सूट आहे. वरच्या उदाहरणात दोन-दोन गुंठ्यांचे १४ प्लॉट होतात, म्हणजे नोंदणी आलीच, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणंही आलं. नोंदणी क्रमांक मिळण्याआधी फ्लेक्स लावणं, व्हॉट्सॲपवर जाहिरात टाकणं किंवा टोकन घेणं कायद्यात बसत नाही, मग टोकन देणारा सख्खा मेहुणा का असेना.