रंग भरलेले, मग अंतर खरं कसं?

जेम्स वेब दुर्बिणीचा नवा फोटो वर्तमानपत्रात झळकला की मागोमाग एक शंका येतेच: "हे रंग नंतर भरलेले असतात ना? मग त्यात खरं काय?" शंका अर्धी बरोबर आहे. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला रंग कळत नाहीत, किती प्रकाश पडला एवढंच तो मोजतो. म्हणून त्याच्यापुढे ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश जाऊ देणारा एकेक फिल्टर आणून एकाच जागेचे अनेक कृष्णधवल फोटो घेतात आणि मग त्यांना निळा, हिरवा, तांबडा रंग देऊन एकत्र करतात. संशोधकांना मात्र रस असतो तो त्या सुट्या कृष्णधवल फोटोंत. कोणती दीर्घिका कोणत्या फिल्टरमध्ये दिसते, आणि मुख्य म्हणजे कोणत्या फिल्टरमधून गायब होते? तिच्या अंतराचा अंदाज त्यावरूनच येतो.

वेबच्या आधीच्या हबल या अवकाश दुर्बिणीचं काम पाहणाऱ्या संस्थेचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी 1995 च्या डिसेंबरात, संचालकाच्या अखत्यारीतला दुर्बिणीचा वेळ खर्चून, सप्तर्षीतल्या एका जवळजवळ रिकाम्या तुकड्यावर दहा दिवस हबल रोखून ठेवली. तुकडा चंद्रबिंबाच्या व्यासाच्या बाराव्या भागाएवढा. 342 फोटो, चार फिल्टर: 300, 450, 606 आणि 814 नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीच्या आसपासचे. त्यात सुमारे तीन हजार दीर्घिका सापडल्या.

आता गंमत हायड्रोजनची. 91.2 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश हायड्रोजनच्या अणूवर पडला, की अणूतला इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो आणि तो प्रकाश तिथेच खर्ची पडतो. दीर्घिकेत आणि तिच्यापासून आपल्यापर्यंतच्या वाटेवर हायड्रोजन भरपूर. त्यामुळे नवे तारे जन्माला घालणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश आलेखावर मांडला, तर 91.2 च्या अलीकडे तो कोकणकड्यासारखा एकदम तुटतो. हा कडा प्रसरण पावणाऱ्या विश्वातून येताना लांब तरंगांकडे सरकतो. किती सरकला याचं माप म्हणजे रेडशिफ्ट; दीर्घिका जितकी दूर तितकी ती जास्त. रेडशिफ्ट 3 असेल तर तरंगलांबी चौपट होते (3 अधिक 1), म्हणजे कडा 365 नॅनोमीटरवर येतो. अशी दीर्घिका 450, 606, 814 मध्ये छान दिसते आणि 300 च्या फोटोत तिच्या जागी काळोख असतो. तिचा प्रकाश 11 अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करत होता, हे त्या काळोखावरून कळतं! याच फोटोंपासून बनवलेल्या हबलच्या प्रसिद्ध रंगीत चित्रात मात्र 300 चा फिल्टर वापरलेलाच नाही, म्हणजे अंतर सांगणारा हा काळोख रंगांच्या बाहेरच राहिला. चार्ल्स स्टायडेल आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या केक दुर्बिणीने अशा दीर्घिकांचे वर्णपट (म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार बारकाईने सुटा करून) घेऊन ही युक्ती चालते हे दाखवून दिलं.

आणखी लांब गेलं की हिशेब थोडा बदलतो. वाटेतला हायड्रोजन 121.6 नॅनोमीटरचा प्रकाशही शोषतो. प्रकाश वाटेत ताणला जात असल्यामुळे वेगवेगळ्या अंतरांवरचे वायूचे ढग आलेखात वेगवेगळ्या ठिकाणी खाचा पाडतात, आणि फार दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत या खाचा इतक्या दाट होतात की कडा 91.2 ऐवजी 121.6 वरच तुटलेला दिसतो. 2024 मध्ये जाहीर झालेल्या जेड्स-जीएस-झेड14-0 या दीर्घिकेची रेडशिफ्ट 14 च्या वर आहे. 121.6 ला साधारण 15 ने गुणा: 1800 च्या पुढे. हबलची नजर 1700 नॅनोमीटरपाशी संपते, म्हणजे ही दीर्घिका तिच्या सगळ्याच फिल्टरमधून गायब. वेब अवरक्त प्रकाशात पाहते ती यासाठीच.

मात्र गायब होण्याला दुसरं कारणही असू शकतं. 2022 मध्ये वेबच्या फोटोंवरून सीअर्स-93316 या दीर्घिकेची रेडशिफ्ट 16 च्या वर असावी असा अंदाज निघाला, म्हणजे महास्फोटानंतर सुमारे 25 कोटी वर्षांतली दीर्घिका. त्याच सुमारास 'महास्फोटाचा सिद्धांत कोसळला' असे मथळेही फिरत होते. 2023 मध्ये वर्णपट घेतला तेव्हा रेडशिफ्ट निघाली 4.9. धुळीने लहान तरंगांचा प्रकाश दाबला होता, आणि तापलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या प्रखर रेषा नेमक्या लांब तरंगांच्या फिल्टरमध्ये पडून तिथला प्रकाश वाढवत होत्या. फिल्टर चारपाच असोत की दहा, त्यांतून दिसणारा कडा खरा की भासलेला हे वर्णपटाशिवाय ठरत नाही, आणि एवढ्या अंधुक दीर्घिकेचा वर्णपट घ्यायला दुर्बिणीचे बरेच तास द्यावे लागतात.