थ्रॅशची गिटार: बेस आधी काढायचा, मग घालायचा

जळगाव-भुसावळकडची गिटार वाजवणारी पोरं थ्रॅश मेटलच्या, म्हणजे अतिवेगवान, जड रॉक संगीताच्या नादाला लागली की पहिला उद्योग एकच करतात. डिस्टॉर्शनचा (आवाज मुद्दाम फाडण्याचा) गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते बटण, पूर्ण फिरवतात आणि बेसही, म्हणजे खालचे जाड स्वरही, फुल्ल करतात. आवाज जाड होतो, खोलीच्या काचा थरथरतात, पण मेटॅलिका या बँडच्या १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ अल्बमवर ऐकू येतो तसा कोरडा, घट्ट ठोसा काही बसत नाही. रिफचा, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याचा वेग वाढला की सगळा लगदा होतो. मग दोष गिटारला दिला जातो, किंवा महागडा अँप (अँप्लिफायर) नसल्याला. खरं तर बहुतेक वेळा चुकलेला असतो तो फक्त क्रम.

डिस्टॉर्शन म्हणजे नेमकं काय घडतं ते आधी पाहू. पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या गिटारवरच्या कॉइलमधून येणारी विजेची लहर अँपमधल्या व्हॅक्यूम ट्यूबने इतकी वाढवायची की ट्यूबची मर्यादा संपते आणि लहरीचे वरचे-खालचे शेंडे कापले जातात. गोल लहर चौकोनी होऊ लागते. चौकोनी लहरीत मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनं नव्याने तयार होतात, आवाजाला करवतीसारखी धार येते ती त्यांच्यामुळे. दोन स्वर एकत्र कापले गेले तर आणखी एक गोष्ट होते: त्या दोघांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही जन्माला येतात. पॉवर कॉर्डची, म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम एकत्र वाजवण्याची सगळी ताकद इथे आहे. गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झवर कंप पावते, तिचा पंचम १२३.५ वर. वजाबाकी साधारण ४१, म्हणजे थेट खालच्या सप्तकातला षड्ज. कोणीही न वाजवलेला हा स्वर कॉर्डला वजन देतो. गंधार घातला तर मात्र गडबड होते. गिटारच्या पडद्यांवरचा पंचम शुद्ध पंचमापासून अर्ध्या स्वराच्या फक्त २ टक्क्यांनी हटलेला असतो, गंधार जवळपास १४ टक्क्यांनी. साध्या आवाजात कान तेवढं चालवून घेतो. लहर कापली गेली की वजाबाकीचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत आणि कॉर्ड खरखरते.

आता मुख्य मुद्दा. जाड तारेच्या सिग्नलमध्ये खालच्या कंपनांची लहर उंचीने फार मोठी असते. ती ट्यूबमध्ये शिरली की मर्यादा सगळी तीच खाऊन टाकते आणि वरच्या कंपनांना जागाच उरत नाही. शिवाय सिग्नल फार मोठा झाला की दोन ट्यूबच्या मधला कपॅसिटर नको तेवढा चार्ज होतो, आणि तो रिकामा होईपर्यंत पुढची ट्यूब नीट काम करत नाही. संथ गाण्यात हे कळतही नाही. थ्रॅशमध्ये मिनिटाला २०० ठोके धरले आणि प्रत्येक ठोक्याला दोन फटके, तर एका फटक्याच्या वाट्याला १५० मिलिसेकंद येतात. तेवढ्यात जाड तार जेमतेम बारा वेळा हलते. अँपला सावरायला त्यातला निम्मा वेळ लागला, तर पुढचा फटका आधीच्या चिखलात पडणार हे उघड आहे.

म्हणून बेस डिस्टॉर्शनच्या आधी काढायचा आणि नंतर घालायचा. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत रेकॉर्ड झाला आणि त्यावर मेसा बूगीचा मार्क टू सी प्लस हा अँप वापरला गेला. या अँपची रचनाच या कामाला पोषक आहे. बेस, मिडल, ट्रेबलची बटणं मुख्य गेनच्या आधी येतात, आणि पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळी कंपनं कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या पट्ट्या, गेनच्या नंतर. वाजवणारे बेसचं बटण जवळजवळ शून्यावर ठेवतात. पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस बेसशिवाय मेटल कसं वाजवणार? पण मग इक्वलायझरवर ८० हर्ट्झची पट्टी वर जाते, ७५० ची खाली ओढली जाते, २२०० आणि ६६०० पुन्हा वर, आणि पट्ट्यांचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार होतो. कापाकापी होऊन गेलेल्या, आधीच घट्ट झालेल्या आवाजात हा बेस येतो, त्यामुळे तो पसरत नाही. आपल्याकडे भरताचं वांगं आधी काड्यांवर भाजतात आणि फोडणी मागाहून पडते. फोडणी आधी घातली तर साहित्य तेच राहील, भरीत होणार नाही.

हा मूळ अँप आज मिळणं मुश्कील आणि परवडणं त्याहून मुश्कील. पण त्यामागचं तत्त्व फुकट आहे. मार्शल कंपनीच्या धाटणीच्या अँपपुढे ट्यूब स्क्रीमर प्रकारचं हिरवं पेडल लावा, त्याचा ड्राइव्ह (पेडलचा स्वतःचा गेन) शून्याजवळ आणि लेव्हल (बाहेर पडणारा आवाज) भरपूर. त्या सर्किटमध्ये ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवला जातो, म्हणजे बेस गाळण्याचं काम आपोआप होतं. लॅपटॉपवर मोफत अँप सिम्युलेटर, म्हणजे अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या आधी एक इक्वलायझर टाकून १०० ते १५० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवा, आणि दुसरा इक्वलायझर नंतर. गेन मात्र दहावरून सहावर आणा. फरक पहिल्याच रिफला कळेल.

मिड, म्हणजे मधली कंपनं, किती काढायचे, याबाबत माझं मत ठाम आहे: वाटतं त्यापेक्षा कमी. कमी आवाजात आपला कान खालच्या कंपनांना मंद असतो. फ्लेचर आणि मुन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. म्हणून रात्री घरच्यांची झोप मोडू नये अशा आवाजात व्ही आकार भारी वाटतो. तोच सेटिंग ड्रम आणि बेस गिटारसोबत मोठ्याने लावला की बेस फुगतो, आणि गिटार ऐकू यायची ती मधल्या पट्ट्यातच, तिथे आपण खड्डा खणून ठेवलेला असतो.

आणखी एक चूक खानदेशात फार दिसते. गिटार डिस्टॉर्शन पेडलमधून सरळ मंडपाच्या स्पीकरला किंवा कीबोर्डच्या अँपला जोडायची. डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो आणि पेडलला शिव्या पडतात. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, आणि डिस्टॉर्शनमधली कर्कश कंपनं तिथेच अडतात. मंडपातला हॉर्न ती सगळी इमानदारीने कानापर्यंत पोचवतो. उपाय म्हणजे कॅबिनेट सिम्युलेशन. त्यात खऱ्या स्पीकर-मायक्रोफोनचा मोजलेला प्रतिसाद, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, तुमच्या सिग्नलवर चढवला जातो.

एवढं सगळं जुळलं तरी उरतो उजवा हात. तळव्याची कड ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या अगदी काठावर टेकवा. दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकली की तार मेल्यासारखी ठप्प वाजते, मागे राहिली की मोकळी घुमते. मधली जागा बोटांपेक्षा कानाने सापडते. फटके खालच्या दिशेनेच मारायचे, कारण वर-खाली वाजवताना दोन फटक्यांचं वजन सारखं राहत नाही. आणि सूर पुन्हापुन्हा तपासायचा. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असतो. पोलाद तापून प्रसरण पावतं, तार सैल पडते, सूर उतरतो. कूलरसमोर लावलेला सूर गच्चीवर टिकत नाही, आणि गेन लावला की षड्ज-पंचमातली ती बारीक तफावत घरघरीसारखी ऐकू येते.

घरघरीचा दुसरा उगम वायरिंग. कच्चं अर्थिंग आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांची गुणगुण गेन कितीतरी पटींनी वाढवतो. उलट गुंडाळलेल्या दोन कॉइलचा हंबकर पिकअप त्यातली बरीच आपसात कापून टाकतो. उरलेली गुणगुण नॉइज गेटने, म्हणजे वाजवणं थांबताच आवाज बंद करणाऱ्या उपकरणाने बंद करा, कारण थ्रॅशमध्ये दोन फटक्यांमधली शांतताही फटक्याइतकीच नेमकी लागते.

शेवटी रेकॉर्डिंग. एकच टेक (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून डाव्या-उजव्या बाजूला टाकला तर दोन्ही लहरी तंतोतंत सारख्या असतात आणि आवाज मधोमधच राहतो. रिफ दुसऱ्यांदा पूर्ण वाजवायचा. हाताच्या वेळेत पडणारे काही मिलिसेकंदांचे फरक कानाला दोन वेगळ्या गिटारी दाखवतात आणि भिंत उभी राहते. या दोन्ही टेकना गेन आणखी थोडा उतरवा, कारण दोन टेकची धार एकावर एक चढते.